व्हिडिओ 'बफर होतो' म्हणजे नेमके काय होते?

विचारणा अशी आहे: चालू व्हिडिओ मध्येच थांबला की आपण 'बफर होतो आहे' असे म्हणतो, संगणकाच्या पुस्तकांत मात्र बफर म्हणजे माहितीचा तात्पुरता साठा, असा अर्थ दिलेला असतो. मग आपला वापर चुकीचा म्हणायचा का, त्याला मराठी पर्याय कोणता आणि 'बफरिंग' या शब्दाचे लिंग कोणते?

पुस्तकातला अर्थ मूळचा आहे आणि बोलण्यातला अर्थ जवळजवळ त्याच्या उलट गेला आहे, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. हा उलटा प्रवास कसा झाला, हे इंटरनेटवर व्हिडिओ पाहण्याच्या सुरुवातीच्या वर्षांकडे पाहिल्यावर स्पष्ट होते.

इंटरनेटवरून येणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते. त्यांतली काही लवकर पोचतात, काही रेंगाळतात, तर काही वाटेतच गळतात आणि पुन्हा मागवावी लागतात. चित्राला आणि आवाजाला मात्र असा लहरीपणा चालत नाही. दर सेकंदाच्या ठरावीक चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) त्या त्या क्षणी हाताशी असाव्याच लागतात. म्हणून नळाला पाणी कसेही आले तरी टाकीतून सारख्या धारेने मिळावे, तशी व्यवस्था प्लेअरमध्ये केलेली असते: पुढच्या काही सेकंदांची माहिती आधीच भरून ठेवायची आणि तिच्यातून दाखवत राहायचे. हा साठा म्हणजे बफर आणि तो भरण्याची क्रिया म्हणजे बफरिंग. थोडक्यात, व्हिडिओ अडू नये म्हणून केलेला हा उपाय आहे.

प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने १९९५ मध्ये रिअलऑडिओ आणि १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ आणले. हीच कंपनी पुढे रिअलनेटवर्क्स झाली. फाइल पूर्ण उतरण्याची वाट न पाहता ती येत असतानाच ऐकायची आणि पाहायची, ही सवय ज्या साधनांनी लावली त्यांत त्यांचे स्थान मोठे आहे. रिअलप्लेअरच्या खिडकीत 'बफरिंग' हा शब्द आणि त्याच्यापुढे वाढत जाणारी टक्केवारी दिसत असे. साठा पुरेसा असताना हा शब्द पडद्यावर नसायचा. तो दिसायचा सुरुवातीला, आणि नंतर साठा संपून चित्र गोठले की. बफर आपले काम चोख करत असताना प्रेक्षकाला त्याचे नावही कळत नव्हते आणि ते काम फसले की तेवढेच नाव समोर येत होते, त्यामुळे उपायाचे नाव दुखण्याला चिकटले. शब्दार्थ बदलण्याची कारणे शोधताना एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

तरीही मूळ अर्थ लगेच मेला नाही, आणि मराठीतल्या क्रियापदांनी तो फार छान टिपून ठेवला आहे. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांत 'आधी बफर होऊ दे, मग लाव', 'बफर करून ठेव', 'झाला का बफर?' अशी वाक्ये सर्रास बोलली जात. प्लेअरखालच्या रेषेवर, पाहून झालेल्या भागाच्या पुढे, एक फिकट पट्टी सरकत जाई. व्हिडिओ थांबवून ठेवायचा आणि ती पट्टी टोकाला पोचली की सलग पाहायचा. हिशेब करून पाहा: सेकंदाला ३०० किलोबिट लागणारा ५ मिनिटांचा व्हिडिओ ५० किलोबिटांच्या डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या, जोडणीवरून उतरायला ३० मिनिटे घेतो, म्हणजे तो न अडता पाहायचा तर आधी २५ मिनिटे थांबणे भाग होते. 'होऊ दे', 'करून ठेव' या रूपांत बफर होणे ही इष्ट, पूर्ण व्हावी अशी गोष्ट आहे. 'सारखा बफर होतोय' या वाक्यात तीच तक्रार झाली आहे.

पुढे जोडणीच्या गतीनुसार चित्राचा दर्जा कमीजास्त करणारी पद्धत रूढ झाली. याच पद्धतीची ॲपलची एचएलएस ही प्रणाली २००९ मध्ये आली, तर एमपेग-डॅश हे तिच्यासारखेच मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत व्हिडिओचे लहान तुकडे मागवले जातात आणि प्लेअर सहसा थोडाच भाग आगाऊ भरतो. साहजिकच व्हिडिओ थांबवून सगळा भरून घेण्याची युक्ती निकामी झाली आणि तिच्याबरोबर 'बफर होऊ दे' हे वाक्यही विरळ झाले. उरली ती तक्रार.

म्हणून बोलण्यातल्या वापराला मी चूक म्हणणार नाही. तो रुळला आहे आणि ऐकणाऱ्याला नेमका कळतो. लिहिताना मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते. 'बफर' हे नाम म्हणून घ्यावे आणि क्रियापदे आपली वापरावीत: बफर भरतो, बफर रिकामा होतो, व्हिडिओ अडतो किंवा अडखळतो. 'अडखळणे' तर पुन्हा पुन्हा थांबून चालणाऱ्या व्हिडिओला फारच शोभते. 'साठवणे' हा पर्याय काही जण सुचवतात, पण त्यातून फाइल कायमची जतन केल्याचा भास होतो, आणि बफरमधली माहिती तर पाहून झाल्यावर टाकून दिली जाते. 'आगाऊ भरणे' अधिक नेमके आहे.

लिंगाचे उत्तर सोपे आहे. क्रिया दाखवणारे 'इंग'कारान्त उसने शब्द मराठीत बहुधा नपुंसकलिंगी होतात: पॅकिंग झाले, शूटिंग संपले, तसेच बफरिंग झाले. 'मीटिंग' आणि 'बिल्डिंग' स्त्रीलिंगी आहेत, कारण त्यांच्यामागे बैठक आणि इमारत हे शब्द उभे आहेत. बफरिंगच्या मागे असा कोणताही जुना मराठी शब्द नाही, त्यामुळे त्याने नपुंसकलिंगातच राहावे.