वडिलांना छाती न उघडता व्हॉल्व्ह बसवू म्हणतात, हे भरवशाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय वडील ७६ चे आहेत, हृदयातून रक्त बाहेर सोडणारा एओर्टिक व्हॉल्व्ह आखडलाय आणि डॉक्टर जांघेतून नवा बसवू म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत म्हणून लिहितोय.

आईचं ऑपरेशन २००४ चं. लहानपणच्या सांधेतापानं हृदयातला दुसरा, मायट्रल व्हॉल्व्ह खराब झालेला, आकसलेला पण आणि गळत पण होता त्यामुळे फुग्यानं उघडायचा पर्याय बाद झाला, मग छाती उघडून मेटलचा बसवला. वय ४१, म्हणून टिकाऊ मेटलचा. रात्री पंखा बंद असला की अजून टिकटिक ऐकू येते, माझी मुलगी म्हणायची आजीनं घड्याळ गिळलंय. पण रक्त पातळ करायची गोळी जन्माची, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी), आणि लग्नाच्या सीझनमध्ये पालक-मेथी जास्त झाली की आकडा खाली, की परत डॉक्टरांना फोन.

मामाचं गेल्या वर्षी झालं, वय ७८, कॅल्शियम साठून एओर्टिक आखडलेला, एक मजला चढला की दम. त्याची टावी केली, म्हणजे तुम्हाला सांगितलंय तसंच, छाती न उघडता. मला वाटायचं जुना व्हॉल्व्ह काढून नवा लावत असतील, तर तसं काही नाही, जनावराच्या टिश्यूचा व्हॉल्व्ह घडी करून जांघेच्या धमनीतून वर नेतात आणि जुन्याच्या आतच उघडतात, जुना बिचारा भिंतीला चेपून तिथेच राहतो! फ्रान्समध्ये क्रिबिए नावाच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये पहिल्यांदा केलं तेव्हा ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठीच होतं, आता वडिलांच्या वयाला हे नेहमीचं झालंय. आपल्याकडे वापीत बनलेले व्हॉल्व्ह पण मिळतात, तरी खर्च लाखांतच.

मामा दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होता, आईला तेवढं चालायला आठवडा लागलेला. म्हणजे माझं मत विचाराल तर या वयात टावीच, पण आधी सीटी स्कॅन होतो त्यात जांघेची धमनी पुरेशी रुंद आहे का, व्हॉल्व्हचं माप काय, हे नीट समजून घ्या. आणि पेसमेकरचं, म्हणजे ठोके सांभाळणाऱ्या यंत्राचं, आत्ताच विचारा. हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग त्या व्हॉल्व्हला अगदी खेटून असते, नवा व्हॉल्व्ह दाबला की कधीकधी ती बिघडते. मामाला तिसऱ्या दिवशी पेसमेकर बसवावा लागला आणि तो खर्च आमच्या एस्टिमेटमध्ये नव्हता.