मिक्स्ड डबल्समध्ये काम निम्मं-निम्मं वाटू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: हायरॉक्सची (एक किलोमीटर धावणं, मग एक व्यायामाचं स्टेशन, असं आठ वेळा) मिक्स्ड डबल्स, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीची शर्यत, पहिल्यांदाच करताय, मुंबईला. दहा किलोमीटर तुम्ही ५० मिनिटांत पळता, वहिनींना ६२ लागतात. जिममध्ये स्की (उभ्याने दोऱ्या खाली खेचायचं) आणि रोइंग (बसून वल्हवायचं) मशीन आहे, स्लेड म्हणजे वजन लादलेली घसरगाडी नाही. आणि भांडण नको म्हणून आठही स्टेशनचं काम निम्मं-निम्मं करायचं ठरवलंय.

ते शेवटचं आधी रद्द करा. भांडण निम्म्या वाटणीमुळेच होईल, साधारण पाचव्या किलोमीटरला.

डबल्समध्ये आठही किलोमीटर दोघांना सोबत पळावे लागतात. वाटून घेता येतं ते फक्त स्टेशनवरचं काम. म्हणजे वहिनी ज्या वेगाने पळतील तोच जोडीचा वेग, आणि तुमच्याकडे शिल्लक राहणारा दम खर्च करायला स्टेशनखेरीज दुसरी जागा नाही. आपल्या नाशिकमध्ये दोघांची टीम म्हटलं की महाजन बंधू आठवतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. पण तिथे एक जण सायकलवर असताना दुसऱ्याला खरोखर पाठ टेकता येत होती. इथे विश्रांती म्हणजे स्टेशनवर जोडीदार काम करतोय तेवढा वेळ, कधी १५ सेकंद, कधी दोन मिनिटं. ती कोणाला, किती आणि मुख्य म्हणजे कधी मिळते, यावर पुढचा किलोमीटर ठरतो. म्हणून धावण्यात जो हळू, त्याने स्टेशनवर आधी काम करून मोकळं व्हायचं. शेवटचा तुकडा नेहमी दुसऱ्याचा.

आता हिशोब. वहिनींचा दहा किलोमीटरचा वेग ६:१२ पडतो. स्पर्धेत किलोमीटरला ६:२५ धरा. आठ किलोमीटरचे ५१ मिनिटं २० सेकंद झाले. स्टेशनांची ३३ मिनिटं, आणि ट्रॅकवरून स्टेशनपर्यंत जाण्या-येण्याचा जो पट्टा असतो, रॉक्सझोन, त्याची ६. एकूण दीड तास. पहिल्या प्रयत्नाला हे लक्ष्य रास्त आहे.

हे लक्ष्य बहुतेक वेळा पहिल्याच किलोमीटरला हातचं जातं. गर्दी सुसाट सुटते, संगीत चालू असतं, आणि जोडी ५:४० ने पळून जाते. कमाई ४५ सेकंद. मग पाचव्या किलोमीटरपासून वेग ७:१५ वर येतो आणि शेवटच्या चार किलोमीटरमध्ये तीन मिनिटांहून जास्त परत द्यावी लागतात. पहिला किलोमीटर मुद्दाम ६:३५ ने पळा. मागचे पुढे जातील, जाऊ द्या.

पळताना तुम्ही वहिनींच्या बरोबरीने किंवा अर्धं पाऊल मागे राहा. पुढे राहिलात की त्या तुम्हाला गाठायला पळतात, स्वतःच्या दमाने नाही. हॉलमध्ये जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून एका फेरीला किती सेकंद हव्यात ते आदल्या दिवशी काढून ठेवा. एक किलोमीटर म्हणजे किती फेऱ्या हे जागेनुसार बदलतं. फेऱ्या मोजणं तुमचं काम. दम लागलेल्या माणसाचा हिशोब चुकतो, आणि एक फेरी कमी पडली तर दंड आहे. किलोमीटरच्या मध्यावर वहिनींनी फक्त एक आकडा सांगायचा, एक ते दहा, किती जड जातंय त्याचा. सात म्हणजे ठीक. आठ म्हणजे वेग दहा सेकंदांनी कमी, चर्चा न करता. ‘अगं चल ना’ हे वाक्य त्या दिवसापुरतं घरीच ठेवा.

मिक्स्डमध्ये वजनं पुरुषांच्या ओपन गटाची असतात, हे लक्षात ठेवून वाटणी करा.

स्की, १००० मीटर: वहिनी २००, तुम्ही ३००, पुन्हा तसंच. हँडल सोडणाऱ्याने डावीकडून बाहेर पडायचं, येणाऱ्याने उजवीकडून आत शिरायचं. नाहीतर दोघं समोरासमोर अडकतात आणि तोवर चाक मंदावतं. पहिलंच स्टेशन असल्याने सगळे इथे जोर लावतात. मॉनिटरवरचा वेगाचा आकडा सरावापेक्षा पाच सेकंद हळूच राहू द्या.

स्लेड ढकलणे, ५० मीटर, स्लेडसह १५२ किलो. १२.५ मीटरच्या चार खेपा. स्लेड एकदा थांबली की पुन्हा हलवायला सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून मधेच बदल करू नका. रेषेपाशी स्लेड थांबणारच आहे, तिथे बदल फुकट पडतो. पहिली खेप तुमची, दुसरी वहिनींची, तिसरी-चौथी तुमची. पन्नास-पंचावन्न किलोच्या व्यक्तीला हे वजन कोपर ताठ ठेवून हलत नाही. हात दुमडून खांदे खांबांना भिडवायचे, कंबर खाली, पावलं छोटी आणि न थांबता. स्लेड पूर्णपणे रेषेपलीकडे गेली पाहिजे. यानंतर पोटऱ्या दगडासारख्या होतात. पुढचे ३०० मीटर रखडतच जाणार, घाबरू नका.

स्लेड ओढणे, पुन्हा ५० मीटर, १०३ किलो. इथे आलटून-पालटून एकेक खेप, वहिनींची पहिली. दंडाने ओढलं तर दुसऱ्याच खेपेला हात भरून येतात. हात सरळ ठेवून अंगाचं वजन मागे टाकत मागे चालायचं, चौकटीच्या मागच्या रेषेपाशी आलं की दोर हातात गोळा करत पुढे यायचं, पुन्हा मागे. चौकटीबाहेर पाऊल नको, खाली बसायचं नाही. ओढलेला दोर एका बाजूला पडू द्या, पायात आला की पडलातच.

बर्पी ब्रॉड जंप, म्हणजे छाती जमिनीला टेकवून उठायचं आणि पुढे उडी, ८० मीटर. उडी दीड-पावणेदोन मीटरची धरली तर पन्नासएक बर्पी होतात. बदलाला जवळजवळ वेळ लागत नाही, म्हणून तुकडे छोटे ठेवा: वहिनी ४, तुम्ही ६. जोडीदार जिथे उतरला तिथूनच सुरुवात, एक पाऊलही पुढे नाही. उडीच्या आधी-नंतर पावलं टाकणं, हात पायांपासून फार पुढे ठेवणं, छाती जमिनीला न टेकवणं, या तीन गोष्टींवर पंच नजर ठेवून असतात. लांब उडी मारायचा मोह टाळा. सलग पाच लांब उड्यांनंतर मांड्या पेटतात आणि त्याचं बिल लंजेसला (मागचा गुडघा टेकवत टाकायच्या लांब पावलांना) येतं.

रोइंग, १००० मीटर. स्कीच्या उलट, इथे बदल महाग. पट्टे सोडा, उठा, बसा, पाय अडकवा: सहज दहा सेकंद. म्हणून बदल एकदाच. आधी वहिनी ४००, मग तुम्ही ६००. पायपट्टीची उंची दोघांना चालेल अशी मधली ठेवा आणि सरावातच तो आकडा पाठ करा. पट्टा आवळत बसू नका, पाय निसटणार नाही इतपत पुरे. तुम्ही ओढत असताना वहिनींना अडीच-तीन मिनिटं मिळतात. अख्ख्या शर्यतीतली ही सगळ्यात मोठी विश्रांती आहे. ती उभं राहून, खोल श्वास घेत घालवायची, शेजारी उभं राहून ‘जोर लगा के’ ओरडण्यात नाही.

फार्मर्स कॅरी, म्हणजे केटलबेल (मूठ असलेली लोखंडी वजनं) हातात धरून चालणं, २०० मीटर, दोन्ही हातांत प्रत्येकी २४ किलो. वहिनी आधी ५०, उरलेले १५० तुमचे. ठेवताना केटलबेल शेजारी-शेजारी, मूठ सरळ वर येईल अशा ठेवा.

सँडबॅग लंजेस, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन, १०० मीटर, २० किलो. जोड्या सगळ्यात जास्त इथे फसतात. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही, त्यामुळे ती खांद्यावरून खांद्यावरच जाते. देणाऱ्याने दोन्ही पाय जुळवून ताठ उभं राहायचं आणि ‘घे’ म्हणायचं. घेणाऱ्याने मागून दोन्ही टोकं पकडून ‘घेतली’ म्हटल्यावरच सोडायचं. हे दोन शब्द ठरलेले नसले की पिशवी दोघांच्या मधे पडते. वहिनी १५, तुम्ही २५, वहिनी १५, तुम्ही ४५. प्रत्येक पावलाला मागचा गुडघा टेकलाच पाहिजे.

वॉल बॉल, म्हणजे बैठक मारून चेंडू वरच्या खुणेवर फेकणं, १०० वेळा, सहा किलोचा चेंडू. वहिनी १०, तुम्ही १५, असं चार वेळा, बरोबर शंभर. यानंतर पळायचं नाही, त्यामुळे वहिनींना जपायचा नियम इथे संपतो. त्यांना जमत असेल तर १२-१३ करा. मात्र कोणीही हात थरथरेपर्यंत ताणू नका. बैठक अर्धवट राहिली की फेक मोजली जात नाही, आणि न मोजलेली फेक दोनदा दमवते. शेवटचे तीन आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे दुसरा तयार राहतो.

सरावाचं. स्लेडला पर्याय म्हणजे ट्रकचा जुना टायर. मातीच्या मैदानावर आडवा ठेवून ढकला, जाड दोर बांधून ओढा. आत दगड किंवा वाळूची पोती टाकून वजन वाढवता येतं. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलण्याचा उपाय सुचवला जातो, पण गाडी एकदा सुटली की पळत राहते. स्लेड तुम्ही थांबताक्षणी थांबते. सवय चुकीची लागते. लंजेससाठी दुहेरी गोणीत २० किलो वाळू, तोंड घट्ट शिवून. कॅरीसाठी पाण्याचे २० लिटरचे भरलेले दोन जार, मूठ असलेले. वॉल बॉलसाठी भिंतीवर खडूने दोन रेषा, तुमची तीन मीटरवर आणि वहिनींची २.७ मीटरवर.

आठवड्यातून एकदा दोघांनी एकत्र: एक किलोमीटर, एक स्टेशन, असं चार वेळा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची इतकी गर्दी असते की ठरलेला वेग धरता येत नाही. धावणं तिथे करायचं तर साडेपाचला पोहोचा. टायर अर्थातच तिथे नेऊ नका. पांडवलेणीच्या पायऱ्या मांड्यांसाठी चांगल्या, पण ते वेगळ्या दिवशी, नाहीतर जोडीचा सराव बिघडतो.

नाशिकच्या थंड, कोरड्या सकाळी आलेली वेळ मुंबईत जशीच्या तशी धरू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापलेलं राहतं. वर धरलेला ६:२५ त्यासाठीच आहे, त्याहून जोरात पळायची हाव नको. शेवटचे दोन आठवडे थोडा सराव दुपारी चारला करा. आदल्या दिवशी एक लिटर ओआरएस दिवसभरात घोट-घोट. शर्यतीआधी तीन तास पोहे किंवा उपमा. मिसळ परत आल्यावर.

आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री दहा मिनिटं फक्त बदलांचा सराव: गोणी वीस वेळा, जार दहा वेळा, बर्पीची जागा दहा वेळा. दम लागायची गरज नाही. ‘घे’ आणि ‘घेतली’ मधलं अंतर एका सेकंदावर आलं की गोणीत २० किलो भरा. तोपर्यंत १० पुरेत.