‘पी, ए, एन’ म्हणजे ‘पॅन’ कसं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पोरं ए ते झेड घडाघड म्हणतात, ‘ए फॉर ॲपल’ही पाठ आहे. पण फळ्यावर ‘पॅन’ लिहिला, की ‘पी, ए, एन’ म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मग फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या नावांऐवजी त्यांचे आवाज शिकवणं, सुरू केलं, तर आता ‘पअ, ॲ, नअ’ म्हणतात आणि जोडायला गेलं की भलतंच काहीतरी होतं. पालक म्हणतात, सरळ स्पेलिंग पाठ करून घ्या. ताई, सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, चोपडा तालुका

उत्तर : बाई, तुमच्या पोरांची गाडी त्या ‘पअ’ आणि ‘नअ’मधल्या ‘अ’पाशी अडली आहे. तेवढा काढलात की पुढचं सोपं आहे.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी रावेर तालुक्यात पहिलीच्या वर्गावर होते. मीही अक्षरांची नावंच घोकून घेतली. नाव वेगळं आणि आवाज वेगळा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि त्या पहिल्या दोन वर्षांतल्या पोरांबद्दल मला आजही वाईट वाटतं. मराठीत ‘क’चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत ‘बी’, ‘टी’चा आवाज नावाच्या सुरुवातीला असतो, ‘एफ’, ‘एम’, ‘एस’चा शेवटी, आणि ‘एच’, ‘डब्ल्यू’च्या नावात तर तो नसतोच. पोरानं जोडायचं तरी काय?

आता तो ‘अ’. आपल्या प्रत्येक व्यंजनात तो दडलेला असतो, म्हणून आपण इंग्रजी आवाज शिकवायला गेलो तरी तो सोबत येतो. पोरांना ‘पाय मोडलेला प्’ माहीत असतो, तोच दाखवा. तोंडासमोर तळहात धरून ‘प्’ म्हणायला लावा. हाताला वाऱ्याची झुळूक लागते, गळ्यातून आवाज येत नाही. आणि आपलीच पोरं शेवटचा अ गिळतात हेही त्यांना दाखवून द्या. ‘घर’ लिहितो, पण ‘घरअ’ कुणी म्हणतं का? ‘पॅन’चा ‘न्’ अगदी तसाच.

सुरुवात ए-बी-सी क्रमानं करू नका. आधी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या, तीही लहान लिपीतली, कारण पुस्तकातल्या ओळी त्याच लिपीत असतात. एवढ्यावर सॅट, टॅप, पिन, टिप, पॅन, नॅप, सिट असे कितीतरी शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात पोरगं स्वतः एक शब्द वाचतं आणि मग त्याला आवरावं लागतं. ‘स्स्स्’, ‘न्न्न्’ हे आवाज ताणता येतात, म्हणून जोडायला ते आधी घ्या. ‘प्’, ‘ट्’ ताणता येत नाहीत. तिथे बाराखडी कामाला येते. ‘प’ला काना ‘पा’ जसं म्हणतात तसंच ‘प्’ला ‘ॲ’ ‘पॅ’, मग मागून ‘न्’. तीन तुकडे जोडण्यापेक्षा हे दोन तुकडे आपल्या पोरांना लवकर जमतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतात जायची, आठवड्यातून दोनदा शाळेत आली तरी मिळवलं. तिच्यापुढे मी तीन चिंचोके ठेवले. मी ‘टॅप’ म्हटलं. तिनं ‘ट्’ला एक पुढे सरकवला, ‘ॲ’ला दुसरा, मग थांबली. ओठ दोनदा नुसतेच मिटले, उघडले. मग ‘प्’ म्हणून तिसरा सरकवला आणि तिन्हींवरून बोट ओढत ‘टॅप’ म्हणाली. पाटीला हातही न लावता तो शब्द तिला कळला होता. अक्षरं नंतर त्याच चिंचोक्यांच्या जागी बसवली. आधी कान, मग डोळा, मग हात, हा क्रम मी पुढे कधी मोडला नाही.

पाठांतर आहे की वाचन, हे ओळखायला ‘टॅस’, ‘नॅस’ असे अर्थ नसलेले शब्द लिहा. इंग्लंडमध्ये 2012 पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची अशीच तपासणी होते. 40 शब्द असतात, त्यातले 20 बनावट, आणि ती परग्रहावरच्या प्राण्यांची नावं आहेत असं मुलांना सांगतात. तुमच्या वर्गालाही हा खेळ आवडेल.

पालकांना सांगा, स्पेलिंग सोडलेलं नाही, ते उलट्या वाटेनं येतं. ऐकलेला शब्द तोडून लिहिला की स्पेलिंगच झालं. मात्र इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, त्यामुळे सगळंच असं सुटत नाही. ‘सेड’, ‘वॉज’सारखे शब्द थोडे थोडे पाठ करावेच लागतात. त्यांची घाई पहिलीत नको.

प्रश्न : माझा नातू पहिलीत आहे. घरात अहिराणी बोलल्यानं त्याचे इंग्रजी उच्चार बिघडतील, असं त्याच्या शाळेतून सांगितलं. मला तर अहिराणीशिवाय दुसरं बोलता येत नाही. मी त्याच्याशी बोलणं कमी करू का?
– एक आजी, शिंदखेडा

उत्तर : अक्का, मुळीच कमी करू नका. तुमचा नातू घरात ‘शाया’, ‘डोया’ म्हणत असेल आणि वहीत ‘शाळा’, ‘डोळा’ लिहीत असेल. म्हणजे बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, हे सहा वर्षांच्या पोराला आत्ताच जमतंय. इंग्रजी वाचायला हाच कान लागतो, आणि तो तुमच्या बोलण्यानं तयार झाला आहे. अहिराणीनं इंग्रजी बिघडलेलं पोर मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. घरात गप्प बसल्यानं मागे पडलेली मात्र पाहिली आहेत.

तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. संध्याकाळी शेंगा फोडताना त्याला जवळ घ्या आणि ‘प्’नं सुरू होणारे शब्द विचारा. पानी, पाय, पोरगा, काय सुचेल ते. मग म्हणा, ‘कान’मधला पहिला ‘क्’ काढून टाक, काय राहिलं? ‘आन’ म्हणाला, की पुढे ‘प्’ लावायला सांगा.