वकिलांचा बार, दारूचा बार आणि आग्वादचा बार

वकिलांची संघटना आणि दारूचं दुकान, दोघांनाही इंग्रजीत 'बार' कसं, असं तुम्ही विचारलंय. मी पणजीचा. इथे पावलोपावली 'बार अँड रेस्टॉरंट'ची पाटी. त्यामुळे कोणी 'बारमध्ये असतो' म्हणालं की आधी अंगात काळा कोट आहे का ते बघायचं.

मूळ अर्थ एकच, आडवा दांडा किंवा अडसर. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. कोर्टात न्यायाधीशांची बाजू आणि बाकीची मंडळी यांच्यामध्ये कठडा असायचा, तोच बार. त्या कठड्याशी उभं राहून बाजू मांडायचा हक्क मिळालेला तो बॅरिस्टर, आणि पुढे अख्खी वकील मंडळीच 'बार' झाली. गुत्त्यात हेच काम फळीने केलं. बाटल्या आत, गिऱ्हाईक बाहेर. मग फळीचं नाव दुकानालाच चिकटलं.

माझा आवडता बार मात्र पाण्याखाली आहे. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा एक लांब उंचवटा आहे, त्याला 'आग्वाद बार' म्हणतात. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या उथळ पाण्यावर लाटा फुटतात आणि भरलेली बार्ज तिथून काढणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून खनिजाच्या बार्ज त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या आणि मुरगाव बंदर गाठायच्या. पोर्तुगीज 'बार्रा' म्हणजेही नदीमुखाशी साचलेली वाळू, आणि बंदराचं तोंडसुद्धा.

क्रियापद म्हणून 'बार' म्हणजे मज्जाव करणे. वकिलाच्या तोंडी 'दावा टाइम-बार्ड झाला' ऐकाल, म्हणजे मुदत टळली, आता कोर्टाचं दार बंद. उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीला १९६३च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत, तेव्हा भिडेपोटी बसून राहू नका. 'बार नन' म्हणजे एकालाही न वगळता. साबणाचा बार, चॉकलेटचा बार, बारकोड यांत सांगण्यासारखं फार नाही; सगळ्या लांबट वड्या नाहीतर पट्ट्या.

एक सोयरा मात्र खोटा आहे. हवेचा दाब मोजायचा बार ग्रीक 'बारोस', म्हणजे वजन, या शब्दावरून आला; समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ मिलिबार. त्याला कठड्याच्या कुळात घालू नका. आणि आपला लग्नाचा बार, फुसका बार यांचं तर घराणंच निराळं.