बारावीला गणित सोडलं होतं, बायोइन्फॉर्मॅटिक्स झेपेल का?

बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे डीएनए-प्रथिनांची माहिती संगणकाने तपासण्याचं शास्त्र. त्याच्या एमएस्सीचं पहिलं सत्र अर्ध्यावर आलं की ही शंका घेऊन विद्यार्थी येऊ लागतात. बहुतेक जण जीवशास्त्राकडून आलेले असतात. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी, आणि एमएस्सीला एकदम समोर लिनक्सची काळी स्क्रीन.

सातारा जिल्ह्यातून पुण्याला शिकायला आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, मला प्रोग्रॅमिंगचं डोकंच नाही. बायोटेकला बदलून घेता येईल का?" तिने धसका घेतला होता तो एका प्रॅक्टिकलचा. फास्टा फाइलमधले, म्हणजे डीएनएची अक्षरं साठवणाऱ्या साध्या मजकूर-फाइलमधले, सिक्वेन्स (अक्षरांच्या माळा) मोजायचे होते. प्रत्येक सिक्वेन्सच्या नावाची ओळ '>' या चिन्हाने सुरू होते, म्हणून ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने ते चिन्ह असलेल्या ओळी मोजायच्या. तिने चिन्हाभोवती अवतरणचिन्हं दिली नाहीत. मग शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, त्या चिन्हाचा अर्थ 'उत्तर या फाइलमध्ये लिही' असा घेतो, आणि लिहिण्याआधीच फाइल कोरी करतो. फाइल शून्य बाइटची झाली आणि तिला वाटलं, आपल्याला हे जमणारच नाही.

यात गणित आलंच कुठे? वहीतली कमांड ती तशीच उतरवत होती. त्यातलं कोणतं चिन्ह काय करतं, हे तिला कुणी उलगडून दाखवलं नव्हतं.

म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा काही आठवडे बाजूला ठेवायला सांगितलं. आधी फाइल डोळ्यांनी पाहायची: 'हेड' आणि 'लेस' या कमांड वापरून. मूळ फाइलला 'सीएचमॉड 444' ही कमांड लावून ती फक्त वाचण्यापुरती ठेवायची, आणि काम करायचं ते प्रतीवर. मग फास्टक्यू, म्हणजे सिक्वेन्सिंग यंत्राने वाचलेल्या डीएनएची फाइल. त्यात एका रीडच्या (यंत्राने वाचलेल्या एका तुकड्याच्या) चार ओळी असतात: '@' ने सुरू होणारं नाव, सिक्वेन्स, '+' ची ओळ आणि गुणवत्तेची, म्हणजे प्रत्येक बेस किती भरवशाचा हे सांगणारी, अक्षरं. इथे '@' मोजून रीड मोजले तर आकडा चुकू शकतो, कारण गुणवत्तेची ओळही '@' ने सुरू होऊ शकते. एकूण ओळी मोजून चाराने भागायचं.

गणिताची गाठ पडते ती इथे. क्यू हा गुणवत्तेचा आकडा. क्यू 20 म्हणजे तो बेस (डीएनएचं एक अक्षर) चुकीचा असण्याची शक्यता शंभरात एक, क्यू 30 म्हणजे हजारात एक. लॉगॅरिदम म्हणून घाबरणाऱ्या मुलांना हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवले की पुढचं तीच सांगतात: क्यू 40 म्हणजे दहा हजारात एक.

सर्वांत जास्त वेळ दिला तो दोन सिक्वेन्स टोकापासून टोकापर्यंत जुळवायच्या नीडलमन-वुन्श पद्धतीला. ही 1970 सालची, आणि पहिल्यांदा कागदावरच करावी, असं आमचं ठाम मत आहे. जीएटी आणि जीटी असे दोनच छोटे सिक्वेन्स घ्या. जुळलं तर +1, न जुळलं तर -1, गॅपला, म्हणजे सोडलेल्या रिकाम्या जागेला, -2. कोष्टक आखून जीटी वर आणि जीएटी डावीकडे लिहायचं. पहिल्या ओळीत 0, -2, -4; पहिल्या स्तंभात 0, -2, -4, -6. उरलेल्या प्रत्येक चौकटीत तीन वाटा तपासायच्या: तिरकी, वरून, डावीकडून. त्यातला मोठा आकडा लिहायचा. शेवटच्या चौकटीत 0 येतो. आलेल्या वाटेने उलट गेलं की 'ए' समोर गॅप पडलेला दिसतो. त्या मुलीची पहिली दोन कोष्टकं चुकली, कारण पहिला स्तंभ ती शून्यांनी भरत होती. शून्यांची सुरुवात स्मिथ-वॉटरमन या दुसऱ्या पद्धतीची, लोकल जुळणीची, म्हणजे फक्त सर्वांत चांगला जुळणारा तुकडा शोधण्याची. ही गल्लत फार जण करतात.

कोष्टक हाताने बसल्यावर पायथन पुन्हा उघडलं. एकात एक असे दोन 'फॉर' लूप म्हणजे ओळ आणि स्तंभ, हे तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. तिने बदलीचा अर्ज दिला नाही. डेटाबेसमधून मिळतेजुळते सिक्वेन्स शोधणाऱ्या ब्लास्ट या प्रोग्रॅममध्ये मात्र ती अजून अडखळते: ई-व्हॅल्यू, म्हणजे इतका स्कोअर निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल याचा अंदाज, डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असते, त्यामुळे तोच स्कोअर मोठ्या डेटाबेसमध्ये कमी भरवशाचा ठरतो. त्यासाठी शक्यताशास्त्राची दोन-तीन प्रकरणं शिकावीच लागतील, आणि ती शिकते आहे.

विषय बदलणं कधीकधी रास्तही असतं. फाइलमध्ये काय आहे हे कळूनही तासन्‌तास त्यात डोकं घालायचा कंटाळा येत असेल आणि हात पिपेटकडेच ओढ घेत असतील, तर सत्र संपल्यावर वेट लॅबचा, म्हणजे प्रयोगशाळेत हाताने प्रयोग करण्याचा, प्रोजेक्ट मागावा. एखादी फाइल कोरी झाली म्हणून बदली मागू नये.