पाठ्यपुस्तकातला पक्षपात तपासायचा कसा?

प्रश्न : इस्रायली पाठ्यपुस्तकांतल्या पक्षपातावर तिथल्याच भाषा-शिक्षणाच्या अभ्यासक नुरित पेलेद-एल्हानान यांनी काम केलं आहे. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी बालभारतीच्या पुस्तकांची तशी तपासणी करायची आहे. चित्रांतली मुलं-मुली मोजून भागेल का?

उत्तर : भागणार नाही. डोकी मोजली की कोण हजर आहे ते कळतं, कोणाच्या वाट्याला कोणती भूमिका आली ते कळत नाही. पेलेद-एल्हानान यांनी इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतल्या मजकुराबरोबर नकाशे, छायाचित्रं आणि पानाची मांडणीही तपासली. त्यांच्या २०१२च्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की पॅलेस्टिनी माणूस तिथे निर्वासित, मागासलेला शेतकरी किंवा दहशतवादी म्हणून येतो. डॉक्टर किंवा शिक्षक म्हणून नाही. नुसत्या मोजणीत हे हाती लागलं नसतं.

एक इयत्ता, एक विषय घ्या. चित्रातली प्रत्येक व्यक्ती म्हणजे एक नोंद. रकाने : पान, लिंग, काम, जागा (घर, शेत, कचेरी), नाव आहे का, बोलते की ऐकते. कळत नसेल तिथे ‘अस्पष्ट’ लिहा; अंदाजानं भरलेले रकानेच पुढे घात करतात. गर्दीच्या चित्रांचा नियम आधीच ठरवा. मग वीसेक पानं दोघांनी एकमेकांच्या नोंदी न बघता भरायची. ऐंशी टक्क्यांहून कमी नोंदी जुळल्या तर व्याख्या सुधारून पुन्हा सुरुवात. काम कंटाळवाणं आहे, पण ते गाळलं तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात प्रबंध मोडीत काढतील.

मजकुराचा तक्ता वेगळा ठेवा आणि त्यात कर्ता शोधा. ‘गावं उद्ध्वस्त झाली’ असं असेल, तर कोणी केली?

आवृत्तीचं सालही नोंदवा. बालभारतीनं २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष दाखवले. त्याआधीची प्रत घेतलीत तर निष्कर्ष शिळा ठरेल.

प्रश्न : पेलेद-एल्हानान स्वतः कार्यकर्त्या आहेत. मग निष्कर्ष एकतर्फी नाहीत का?

उत्तर : १९९७मध्ये जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी आत्मघाती हल्ल्यात त्यांची तेरा वर्षांची मुलगी गेली. तरीही त्या पॅलेस्टिनी भूभागावरच्या इस्रायली ताब्याविरुद्ध बोलत राहिल्या. युरोपीय संसद मानवी हक्कांच्या कामासाठी देते त्या साखारोव पुरस्काराच्या त्या २००१मधल्या एक मानकरी. ही भूमिका त्यांनी कधी लपवली नाही, आणि आमच्या मते तेच योग्य. मर्यादा आहे ती वेगळी : त्यांनी एकाच, इस्रायली बाजूची पुस्तकं अभ्यासली. २०१३च्या एका संयुक्त अभ्यासानं इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशी दोन्हीकडची घेतली, तेव्हा दोन्हीकडच्या बहुतेक नकाशांत समोरच्याची नोंदच नसल्याचं दिसलं. म्हणून तुम्हीही त्याच इयत्तेचं एनसीईआरटीचं पुस्तक तुलनेला घ्या, आणि रकाने तेच ठेवा.