व्हिब्रिओचा लॅफ-ए जीन तोडूनही म्युटंट आगरवर का पसरतो?

तुमचा प्रश्न असा: कालवांतून मिळालेल्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूचा लॅफ-ए जीन तोडला, तरी रत्नागिरीत जुलैत लावलेल्या आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर म्युटंट, म्हणजे जीन तोडलेला जिवाणू, मूळ स्ट्रेनइतकाच (न बदललेल्या वाणाइतकाच) पसरला. मग सरकायला हा जीन लागतच नाही का?

लागतो. बाजूच्या फ्लॅजेलांचं (कशाभिकांचं) प्रथिन त्यातून बनतं, आणि त्यांच्याशिवाय कडक आगरवर झुंड पुढे जात नाही. माझा संशय पाण्यावर आहे. पावसाळी हवेत आगरवर पाण्याचा पातळ थर राहतो. टोकाचं एकुलतं फ्लॅजेलम म्युटंटमध्ये शाबूत आहे, त्याच्या जोरावर तो त्या थरात चक्क पोहतो.

म्हणून आधी प्लेट सुधारा. हार्ट इन्फ्युजन (जिवाणूंचं तयार पोषक माध्यम), एकूण २% मीठ, १.५% आगर, ४ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ५० मायक्रोमोलर बायपिरिडिल. बायपिरिडिल गाळू नका. ते लोह अडकवतं, आणि लॅफ जीन (बाजूच्या फ्लॅजेलांचे सगळे जीन) चालू व्हायला दोन गोष्टी लागतात: लोहाची टंचाई आणि टोकाच्या फ्लॅजेलमचं फिरणं अडखळणं. आगरची बाटली घट्ट बंद ठेवा. भुकटीने हवेतला ओलावा ओढला की १०० मिलीला दीड ग्रॅम तोलूनही आगर कमीच पडतं. माध्यम ५० अंशांपर्यंत निवलं की प्लेटीत मोजून २५ मिली ओता आणि लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण काढून २० मिनिटं वाळवा. लॅमिनार खोलीचीच हवा ओढतो, तेव्हा एसी आधीपासून चालू हवा. फार वाळवलंत तर मूळ स्ट्रेनही अडेल, म्हणून दोन्ही स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच घाण्याच्या प्लेटींवर लावा. रंगवलेल्या निर्जंतुक ब्रॉथचा (आगर नसलेल्या पातळ माध्यमाचा) २ मायक्रोलिटरचा थेंब टाकून बघा. तो जागेवर न मुरता पसरला, तर ती प्लेट बाद.

नंतर प्लेटी २४ अंशांना, बीओडी इन्क्युबेटरमध्ये (थंडही करू शकणाऱ्या उबवणी-पेटीत) ठेवा. साधा इन्क्युबेटर कोकणातल्या जुलैत एवढा खाली येत नाही. हा जिवाणू माणसाला जुलाब लावतो, तेव्हा वापरलेल्या प्लेटी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकू नका.

जोडीला ०.३% आगरची मऊ प्लेट लावाच. म्युटंट तिथे पोहतो पण कडक आगरवर अडतो, तर दोष लॅफ जीनमध्ये. दोन्हीकडे अडला, तर आधी वाढीचा वेग तपासा. तो ठीक असेल तर ‘चे’ (che) नावाचे जीन बघा, कारण रसायनाच्या दिशेने वळवणारे हे जीन दोन्ही फ्लॅजेलांना सामायिक आहेत.

शेवटी म्युटंटला लॅफ-ए प्लाझ्मिडवरून (जीन वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) परत द्या. झुंड परतली तर दोष त्याच जीनचा. नाही परतली, तर तोडताना शेजारचे जीनही बंद पडले असतील.